सोबतीला रहिवासी दाखला कशाला?

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत आस्वादलेखनाचा एक स्वाध्याय हमखास असतो. ‘मनावर परिणाम करणारी कलाकृती’ अशा धर्तीचा विषय दिला जातो आणि विद्यार्थी बहुधा नेहमीच्या यादीतून एखादी कादंबरी किंवा कवितासंग्रह उचलून नेहमीची वाक्ये लिहितात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या एका विद्यार्थ्याने तसे केले नाही. त्याने ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लंडमधल्या रॉक बँडच्या ‘विश यू वेअर हिअर’ या १९७५ सालच्या ध्वनिमुद्रिकेवर सहा पाने लिहिली. त्याचा थोरला भाऊ सिकलसेलच्या आजाराने वारला होता. भावामागे जो मोबाइल उरला, त्याच्या मेमरी कार्डात टिमलीची गाणी होती, हिंदी चित्रपटांतली होती आणि ही एक ध्वनिमुद्रिका अथपासून इतिपर्यंत होती. भाऊ गेल्यानंतरचा पावसाळा आपण तिच्या आधाराने काढला, हे त्या सहा पानांचे सार. परीक्षकांनी काठावरचे गुण देऊन एक शेरा लिहिला. त्याचा आशय असा, की हा अनुभव उसना आहे, मराठी साहित्याशी त्याचा संबंध नाही आणि खानदेशातल्या विद्यार्थ्याला दुःखाविषयीच लिहायचे असेल तर बहिणाबाई आहेत.

तो स्वाध्याय विद्यार्थ्याने मला वाचायला दिला आणि त्याविषयी लिहिण्याची मुभाही दिली. परीक्षक कोण आणि महाविद्यालय कोणते, हे प्रश्न येथे गौण आहेत. कारण हा शेरा वरवर एका माणसाचा दिसत असला, तरी त्यामागे आपल्या समीक्षेची एक जुनी सवय उभी आहे. अनुभव कोणता खरा आणि कोणता उसना, हे कलाकृतीच्या जन्मगावावरून ठरवायचे, ही ती सवय. प्रस्तुत लेख तिच्याविरुद्ध आहे.

प्रथम त्या विद्यार्थ्याने नेमके काय लिहिले, ते पाहू. ध्वनिमुद्रिकेत पाच रचना आहेत. पहिली आणि शेवटची या वस्तुतः एकाच दीर्घ रचनेचे दोन भाग आहेत, आणि ती रचना बँडच्या एका हरवलेल्या मित्राला उद्देशून आहे. सिड बॅरेट हा बँडचा पहिला गीतकार आणि गायक. मानसिक स्वास्थ्य ढासळल्यामुळे १९६८ मध्ये तो बँडपासून दुरावला. सात वर्षांनी, जून १९७५ मध्ये, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत याच ध्वनिमुद्रिकेचे काम चालू असताना एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन उभा राहिला. तो बॅरेट आहे हे जुन्या सोबत्यांना बराच वेळ ओळखता आले नाही. ज्याच्या नसण्याविषयी ते गात होते, तो समोर असूनही नव्हता. बॅरेट पुढे २००६ पर्यंत जगला. ही हकीकत विद्यार्थ्याला पुष्कळ उशिरा, इंटरनेटवर वाचून कळली. तोवर तो ध्वनिमुद्रिका कित्येकदा ऐकून बसला होता. शेवटच्या दुखण्यात भावाचा चेहरा इतका बदलला होता, की दवाखान्याच्या दारातून आत जाताना क्षणभर आपणच खाट चुकलो असे वाटले, एवढी एकच ओळ त्याने या हकीकतीखाली लिहिली आहे. उसन्या अनुभवाने असे वाक्य येत नाही.

दुसरे त्याचे निरीक्षण ध्वनिमुद्रिकेच्या आरंभाविषयी आहे. पहिल्या रचनेत मानवी आवाज येण्यापूर्वी आठ मिनिटांहून अधिक काळ निव्वळ वाद्ये वाजतात. एक लांबट सूर पसरतो, मग गिटारवर चार स्वर येतात, थांबतात, पुन्हा येतात. त्याने लिहिले, की आमच्याकडे दुखवट्याला माणसे येतात आणि बराच वेळ कोणी काही बोलत नाही, बोलायचे ते उठता उठता बोलतात. ही गाणी करणाऱ्यांना दुखवट्याला कसे बसावे हे ठाऊक होते, असे त्याचे म्हणणे. रॉक संगीतावर मराठीत जे थोडेबहुत लिहिले गेले आहे, त्यात बंडखोरी, केस, अमली पदार्थ आणि तरुणाईचा उद्रेक यांची चर्चा पुष्कळ सापडते. दुखवट्याची रीत आणि दीर्घ वाद्यसंगीत यांचा असा संबंध जोडलेला माझ्या वाचनात आला नव्हता. परीक्षकांना यात मराठी काही दिसले नाही, याचे आश्चर्य वाटते. दुखवट्याला बसण्याची रीत ज्या भाषेतून समजावून सांगितली आहे, ती भाषा मराठीच होती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप भाषेचा. या विद्यार्थ्याला इंग्रजी गाण्यातले शब्द पुरते कळत नव्हते आणि ते त्याने प्रांजळपणे लिहिलेही आहे. मग जे कळले नाही त्याचा परिणाम कसा होईल, असे विचारले जाते. हा प्रश्न आपण वारीत का विचारत नाही? ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्या ओव्या घोळवणाऱ्या किती जणांना प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगता येईल? कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकून गहिवरणाऱ्या मराठी श्रोत्यांपैकी कितींनी नाथपंथी परिभाषेचा कोश उघडला असेल? तेथे आपण स्वर, नाद, भाव असे शब्द वापरून श्रोत्याला उदार मनाने सूट देतो. धानोऱ्याच्या मुलासमोर मात्र शब्दार्थाची परीक्षा ठेवतो. ही सूट ऐकणारा कोण आहे हे पाहून मिळत असेल, तर तिला समीक्षेचा निकष म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्याला एका मोठ्या लेखकाचे पाठबळ आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीने मराठी समीक्षेला १९८० नंतर एक आवश्यक धक्का दिला. ‘टीकास्वयंवर’ १९९० मध्ये आले तेव्हा इंग्रजी साहित्याच्या तालावर मराठी साहित्याची मापे काढणारी प्राध्यापकी समीक्षा खरोखरच निर्जीव झाली होती. साहित्य आपल्या भूमीतून, भाषेतून, परंपरेतून वाढते आणि आंधळ्या अनुकरणातून काही उगवत नाही, हे ठणकावून सांगण्याची गरज होती. ती मांडणी मोठी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती तिच्या वर्गखोलीतल्या वापराविषयी. मूळ मांडणीत देशीकरणाला, म्हणजे बाहेरून आलेले पचवून आपले करण्याला, जागा आहे. वर्गात पोहोचेपर्यंत तिचा जकात नाका होतो. कलाकृती कोठून आली एवढे पाहायचे, आणि ती येथे येऊन काय झाली हे पाहायचे नाही.

नेमाड्यांचीच ‘कोसला’ घ्या. १९६३ मध्ये आलेल्या या कादंबरीचे सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ या अमेरिकी कादंबरीशी असलेले नाते अनेक समीक्षकांनी दाखवले आहे. सॅलिंजरच्या नायकाचा धाकटा भाऊ वारलेला आहे. ‘कोसला’तली धाकटी बहीण मनी वारते. म्हणून मनीचा मृत्यू उसना आहे, असे म्हणण्याची छाती आजवर कोणाला झाली का? होऊही नये. खानदेशातल्या त्या घराचा, त्या मरणाच्या वर्णनाचा कस मराठी वाक्यावर लागला आणि तो उतरला. सातासमुद्रापारच्या पुस्तकाने एका खानदेशी तरुणाला आपल्या घरातले मरण लिहिण्याची वाट दाखवली असेल, तर त्यात उणेपणा कसला? मग पन्नासएक वर्षांनी त्याच खानदेशाच्या दुसऱ्या टोकाच्या तरुणाला सातासमुद्रापारच्या ध्वनिमुद्रिकेने तीच वाट दाखवली, तर ती मात्र उसनवारी कशी?

शिवाय धानोऱ्यात देशी म्हणजे काय, हा प्रश्न पुण्यामुंबईहून दिसतो तितका सोपा नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा एका अंगाने गुजरातला आणि दुसऱ्या अंगाने मध्य प्रदेशाला टेकलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा बोलींत येथले घर, शेत आणि बाजार चालतो. येथल्या मुलाला पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी पहिलीच्या वर्गात भेटते, आणि ती पहिल्या भेटीत आपली वाटतेच असे नाही. भावगीत, नाट्यगीत, दिवाळी अंक हा ज्यांना मराठीपणाचा सहज वारसा वाटतो, त्यांनी ध्यानात घ्यावे, की येथल्या वस्तीवर तो वारसाही बाहेरूनच आला. बहिणाबाईंचे नाव घेऊन खानदेश म्हणून जो एक ठसा मारला जातो, त्यात जळगावाजवळचे असोदे आणि सातपुड्याच्या पायथ्याची भिल्ल वस्ती एकाच रंगात रंगवली जाते. बहिणाबाईंची लेवा बोली या मुलाच्या घरची बोली नाही. तिला ती आवडते, हे वेगळे. त्याला बहिणाबाई मनापासून आवडतात असे त्यानेच त्या सहा पानांत लिहिले आहे. आवडणे आणि वारशाने मिळणे यांत परीक्षकांनी गल्लत केली.

बाहेरून आलेले वाद्य कसे आपले होते, याचा नमुना तर प्रत्येक देवळात ठेवलेला आहे. पेटी, म्हणजे हार्मोनियम, फ्रान्समध्ये १८४० च्या सुमारास घडली. ती भारतीय स्वरांना परकी आहे असे ठरवून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती जवळजवळ तीन दशके चालली. त्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांनी रेडिओचा सल्ला मानला नाही. आज पेटीवाचून भजनाची कल्पना करून पाहावी! नंदुरबारकडच्या लग्नांत टिमलीवर जो नाच चालतो, त्यात ढोलाच्या जोडीला जपानी कीबोर्ड असतो आणि नाचणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. देशी काय हे ठरवण्याचे काम वापरणारे लोक करत असतात. समीक्षकाने त्या निर्णयाची नोंद करावी आणि कारणे शोधावीत.

बहिणाबाई की रॉक, हा पर्यायच मुळात खोटा आहे. तो खोटा असल्याची साक्ष मराठीतल्या एका श्रेष्ठ कवीने देऊन ठेवली आहे. आवडते कवी-लेखक कोण, असे एका मुलाखतीत विचारले असता अरुण कोलटकरांनी एक लांबलचक यादी सांगितली. तीत ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम आहेत, नामदेव ढसाळ आहेत, खुद्द नेमाडे आहेत, जॉन लेनन आणि बॉब डिलनही आहेत. आणि बहिणाबाई चौधरी, कबीर या नावांना लागूनच रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांची नावे येतात. पखवाज शिकणाऱ्या आणि इंग्रजीत गाणीही रचणाऱ्या कोलटकरांना ही शेजारीण-शेजाऱ्यांची ओळ विचित्र वाटली नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. अक्षरओळख नसलेली एक विधवा शेतकरीण घरकामात आणि शेतात ओव्या रचते. गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांपैकी कोणी कापसाच्या शेतात राबून संध्याकाळी गिटार घेऊन बसतो. दोघांनाही आपले म्हणणे छापून येईल अशी आशा नसते. बहिणाबाईंची कविता पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

येथे एक तपशील परीक्षकांना सांगण्याजोगा आहे. ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या नावांवरून घेतलेले आहे. हे दोघे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, दोन्ही कॅरोलिनांमधले. इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय गोऱ्या मुलांनी त्यांची नावे उचलली आणि त्यांचे संगीत ऐकत ऐकत आपले काही केले. उसनवारीच मोजायची तर ती लंडनपासून मोजावी लागेल, धानोऱ्याचा क्रम फार मागून येईल. आणि मोजता मोजता आपल्याच दाराशी यावे लागेल. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले. म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली आणि दलित साहित्याच्या विचाराला त्यातून बळ मिळाले. त्या आदानप्रदानावर आज प्रबंध लिहिले जातात आणि ते योग्यच आहे. कृष्णवर्णीयांचे साहित्य अभ्यासक्रमात चालते, मग त्यांच्या गाण्याचा वंशविस्तार अनुभवकक्षेबाहेरचा कसा?

या मुलाच्या घरातले मरण ज्या आजाराने आणले, त्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. मलेरियाच्या प्रदेशांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. वैद्यकशास्त्रात त्याचे पहिले वर्णन १९१० मध्ये शिकागोत झाले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय तरुण. आज नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या वस्त्यांत हा आजार घरोघर माहीत आहे, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारला त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम हाती घ्यावी लागली. ब्लूज ज्यांनी जन्माला घातले त्यांच्या आणि भिल्लांच्या रक्तात एकच विळा फिरतो, म्हणून त्यांची दुःखे एकच, असा भाबडा निष्कर्ष मला काढायचा नाही. म्हणायचे एवढेच, की दुःखाच्या नकाशावरच्या सीमा अभ्यासमंडळाने आखलेल्या नसतात.

आता दुसऱ्या बाजूशीही भांडायला हवे. या विद्यार्थ्याची बाजू घेणारे काही जण भेटले आणि त्यांनी त्याचे वेगळ्या प्रकारे नुकसान केले. संगीताने तो कसा सावरला, संगीतात औषधी शक्ती कशी असते, असे ते बोलू लागले. वर्तमानपत्री पुरवण्यांतून आणि व्याख्यानमालांतून हा सूर आता इतका रुळला आहे, की कोणतीही कलाकृती मनाच्या मलमाची डबी होऊन बसते. त्या सहा पानांत असे काहीही नाही. ऐकून बरे वाटले नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. एकदा लावली की चव्वेचाळीस मिनिटे जात, पुन्हा लावली की पुन्हा तेवढी जात, आणि असे करता करता कोंबडा आरवे. रात्र सरायची, एवढाच त्याचा दावा आहे. शीर्षकगीताच्या आरंभी गिटारचा सूर जुन्या रेडिओतून यावा तसा बारीक, खरखरीत येतो आणि मग जवळच कोणी दुसरी गिटार घेऊन त्या सुराला साथ देऊ लागतो. खोलीत आणखी कोणी बसले आहे असे तेथे वाटे, असे त्याने लिहिले आहे.

सांत्वन आणि सोबत या दोन गोष्टींतला फरक या मुलाला कळला आहे. सांत्वन करणारा आपल्याला दुःखातून बाहेर ओढू पाहतो. सोबत करणारा शेजारी बसून राहतो. कलाकृतीकडून उपचाराची अपेक्षा धरणारी समीक्षा आणि कलाकृतीकडे जन्मदाखला मागणारी समीक्षा, या दोघी एकाच ठिकाणी चुकतात. ऐकणाऱ्याचे आणि कलाकृतीचे मध्ये काय झाले, हे ऐकून घ्यायला दोघींनाही सवड नसते.

एक प्रतिवाद मात्र मी टाळणार नाही. ही ध्वनिमुद्रिका बलाढ्य कंपन्यांनी जगभर विकलेला माल आहे. तिच्यातल्या मधल्या दोन रचना तर संगीताच्या धंद्यावरच कोरडे ओढतात आणि त्याच धंद्यातून त्याही विकल्या गेल्या. असा माल खेड्यापाड्यांत पोहोचतो तेव्हा स्थानिक गाणी मागे पडतात, ही भीती निराधार नाही. रोडाली गाणाऱ्या म्हाताऱ्या कमी होत आहेत, हे दिसते आहे. परंतु त्याचे खापर एका मुलाच्या मेमरी कार्डावर फोडता येत नाही. त्या कार्डात टिमली होती. रोडाली नव्हती, कारण ती कोणी ध्वनिमुद्रित करून त्याच्यापर्यंत पोहोचवलीच नव्हती. विद्यापीठांच्या लोकसाहित्य विभागांनी जमवलेली गाणी कपाटांत राहिली आणि ज्यांची गाणी त्यांच्या मोबाइलपर्यंत आली नाहीत. देशी संगीताची ज्यांना चिंता आहे, त्यांनी विद्यार्थ्याचे गुण कापण्याऐवजी ही कपाटे उघडावीत.

याच जिल्ह्यातल्या शहादे परिसरातून वाहरू सोनवणे हे कवी आले. आदिवासी चळवळीत घडलेल्या या कवीचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. आमचे दुःख व्यासपीठावरून दुसऱ्यांनीच सांगावे आणि आम्ही खाली बसून ऐकावे, ही अवस्था त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा विषय आहे. ती कविता आपण वर्गात शिकवतो, तिच्यावर प्रश्न काढतो, तिच्यातल्या विद्रोहाला गुण देतो. मग धानोऱ्याचा मुलगा आपल्या दुःखाविषयी स्वतः सहा पाने लिहितो, तेव्हा आपण त्याला सांगतो की तुझे दुःख असे नसते, ते बहिणाबाईंसारखे असते. त्या कवितेतले व्यासपीठ वर्गखोलीतही असते, आणि त्यावर आपण उभे असतो.

मागणी फार मोठी नाही. रॉक संगीत अभ्यासक्रमात घाला, असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्याचे आस्वादलेखन तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याने कलाकृतीकडे खरोखर कान दिला आहे का, आणि जे ऐकले त्याला त्याच्या मराठीत शब्द सापडले आहेत का. या दोन कसोट्यांवर जे नापास होईल ते खुशाल नापास करावे, मग ते पिंक फ्लॉइडवर असो की तुकारामांवर. त्या सहा पानांत व्याकरणाच्या चुका आहेत, दोन ठिकाणी पाल्हाळ आहे, शेवट घाईत उरकला आहे. त्याचे गुण जरूर कापावेत. पण बोलायचे ते उठता उठता बोलतात, असे वाक्य ज्याने इंग्रजी ध्वनिमुद्रिका ऐकून मराठीत लिहिले, त्याचा मराठी साहित्याशी संबंध नाही, हा शेरा मात्र खोडायला हवा.